अक्कांच्या घरची किल्ली

जळगावच्या एका शाळेत मी तीस वर्षं कारकून होतो. हुशारी बेताची, टायपिंग दोन बोटांनी. पण प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. चार मुख्याध्यापक बदलले, किल्ली कोणी मागितली नाही. माझी मुलगी त्याच शाळेत दहावीला गेली तेव्हा मीच ती परत करायला गेलो, तर साहेब म्हणाले, "ठेवा हो, तुमच्याकडेच ठेवा." आयुष्यात मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र, आणि मी ते पुष्कळ मिरवलं.

निवृत्तीनंतर आम्ही धुळ्याला, देवपुरात आलो. गल्लीतली मुलं पुण्या-नाशकाला गेलेली. त्यांच्यामागे आईवडीलही जायचे आणि जाताना किल्ली माझ्या हातात द्यायचे. माझ्या दारामागच्या खिळ्यांवर सात घरं टांगलेली होती. बायको चिडवायची, "सात घरांचे मालक, आणि आपल्या घरात साखरेचा डबा कुठे आहे ते माहीत नाही!" ती गेल्यावर तो डबा शोधायला मला खरंच दोन दिवस लागले. आमच्या घराची तिच्याजवळची किल्ली मी कपाटात टाकली. मुलगी बंगळुरूला; इथे ती किल्ली द्यावी असं कोणी उरलं नव्हतं.

शेजारच्या अक्का संक्रांतीनंतर मुलाकडे पुण्याला गेल्या. मला रोज तुळशीला पाणी घालायचं होतं, एवढंच. गुरुवारी झाडपूस करणारी बाई माझ्याकडून किल्ली न्यायची आणि तासाभरात आणून द्यायची.

एका दुपारी पाणी घालून झाल्यावर मी अक्कांच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं टेकलो. माझ्या घरात कुठेही बसलं तरी बायकोची खाट दिसते. इथे ती नव्हती. मग रोजच बसायला लागलो. चहा करून घ्यायचो, पलंगावर आडवा व्हायचो. भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीवरच थांबलं होतं, त्याची पानं उलटायला लागलो. चौकटीत पेन्सिलीने लिहायचो. आधी 'पाणी घातलं' एवढंच. पुढे 'मुलीचा फोन नाही.' मग 'आज कोणाशी बोललो नाही.' किल्ली तुळशीसाठी दिली आहे, पलंगासाठी नाही, हे मला पक्कं कळत होतं. काही उचलून थोडंच नेतोय, असं म्हणून मी मनाची समजूत काढायचो.

श्रावणात अक्कांचा मुलगा न कळवता आला. त्याला पालथा घातलेला ओला कप दिसला, चुरगळलेली चादर दिसली आणि बंद घरातलं कॅलेंडर ऑगस्टवर दिसलं. त्यावरच्या फिक्या पेन्सिलीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. त्याने बाईलाच धरलं. किल्ली नेतेस आणि दुपारभर इथे लोळतेस, म्हणाला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या आणखी तीन घरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

ती माझ्या दारात आली. "नाना, गुरुवार सोडीसन मी त्या घरमा पाय बी ठेवा नही. तुमना मन्हावर भरोसा शे ना?"

"आहे," मी म्हणालो, आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. भीती वाटत होती. अब्रूची वाटत होतीच, पण खरी भीती खिळे रिकामे होण्याची होती. त्या किल्ल्या गेल्या तर माझ्या दाराशी येणार कोण होतं? माझ्या एकटेपणापायी मी दुसऱ्याची चार घरची कामं घालवून बसलो होतो, आणि तरी तोंड उघडत नव्हतो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी अक्कांच्या घरी गेलो; मुलगा अजून तिथेच होता. कॅलेंडरची पानं मागे उलटून मार्च काढला. "तिला लिहिता येत नाही," मी म्हणालो, "हे अक्षर माझं आहे."

त्याने उभ्याउभ्या जूनपर्यंत वाचलं. "नाना, नुसतं विचारलं असतंत तर आम्ही नाही म्हटलं असतं का?" त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने हात पुढे केला आणि मी किल्ली दिली.

त्याने बाईची माफी मागितली आणि ती किल्ली तिच्याकडेच सोपवली. तिची कामंही तिला परत मिळाली. माझ्याकडच्या उरलेल्या सहा किल्ल्या महिनाभरात गेल्या. कोणी वावगं बोललं नाही. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाला कुलूप बदलायचं होतं.

एका गुरुवारी ती अक्कांच्या फाटकाशी आली तेव्हा मी कपाटातली ती किल्ली घेऊन उभा होतो. "ही माझ्या घराची. कधी मी दार उघडलं नाही, तर..." मी किल्ली पुढे केली.

ती किल्लीकडे बघत राहिली. "नाना, दोन दिन तुम्ही उगा काबर बठनात?"

दोन दिवस मी गप्प का बसलो, ते ऐकायला ती थांबली होती. मी किल्ली तशीच धरून राहिलो. शेवटी तिने किल्ली घेतली, पदराला बांधली आणि तुळशीला पाणी घालायला आत गेली.

आता दर गुरुवारी ती दारातून हाक मारते, मी ओ दिली की पुढे जाते. तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. उत्तर मला माहीत आहे. ओ देताना दर वेळी वाटतं, आज सांगून टाकावं. तोवर तिची पावलं फाटकाबाहेर गेलेली असतात.