तोंडासकट फोटो

अमरावतीच्या बाजारात शेवंतीचे हार विकणाऱ्या त्या बाईंचा डावा पाय हत्तीरोगाने सुजलेला आहे. त्या तो लुगड्याखाली लपवत नाहीत, खुशाल पुढे पसरून बसतात. कोणी टक लावून पाहिलं की म्हणतात, "पाय पाह्यला ना? आता हार पाहा."

आमच्या कॉलेजात हत्तीरोगावरच्या संशोधनाचा इतिहास सांगणारं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी जमवलेली जुनी चित्रं मी त्यांना दाखवली. रक्तातला जंत शोधणारे, तो डासातून पसरतो हे सिद्ध करणारे डॉक्टर त्यांत ऐटीत बसलेले होते. रोग्यांचे मात्र नुसते पाय होते.

"डॉक्टरले तोंड हाय, अन् या बाईचं कुठी गेलं?" लुगड्याखालच्या एका पायावर बोट ठेवून त्यांनी विचारलं. मग केसांत गजरा माळून म्हणाल्या, "माहा फोटो काढ बाप्पा. तोंडासकट लाव."

मी तो डॉक्टरांच्या रांगेतच लावला. उद्घाटनाला आलेले साहेब तिथे थबकले. "रोग्याचे डोळे झाकायचे असतात. काळी पट्टी लावा."

बाई गर्दीतून पाय ओढत पुढे आल्या आणि फोटोशेजारी उभ्या राहिल्या.

"लावा ना पट्टी," त्या म्हणाल्या. "पह्यले मले लावा."