मागची सीट

मोटारीच्या आतलं सुख या जगात एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस म्हणजे वाशीतले आमच्या समोरच्या दारातले काका. त्यांच्याकडे मोटार नव्हती हा भाग वेगळा. म्हणजे, थोडीशी होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईतल्या एका शेठजींची परदेशी मोटार चालवली. ती भंगारात निघाली तेव्हा शेठजींनी विचारलं, "तुला काय देऊ?" काकांनी मागची सीट मागून घेतली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, पाणी आलं तर आलं, आणि तिसऱ्या मजल्यावर हमाल ती लालभडक चामड्याची सीट चढवत होते. काका पुढे, "सांभाळून, वळण आलं" करत. हॉर्न तेवढा द्यायचा राहिला.

सीट आली तर बाकीचं का सोडा? छतातला पिवळा दिवा, मखमली पडदे, पायाखालचा गालिचा, हाताने धरायचा पट्टा, सगळं त्यांनी बाहेरच्या खोलीत बसवलं. दिवा बॅटरीवरचा. घराचं दार उघडलं की लागायचा, लावलं की विझायचा. वीज गेली की आम्ही जिन्यातली मंडळी म्हणायचो, "काका, जरा दार उघडं ठेवा." सीटच्या मधोमध कोपर टेकायला ओढून काढायचा एक गुबगुबीत हात होता, त्यातल्या राखदाणीत बडीशेप. पाहुण्याची सुटका नसे. "पाठ टेका, ताई. बिनधास्त टेका. स्प्रिंग आपोआप जागा देते." माझ्या सासूबाई बसल्या त्या पट्टा घट्ट धरून, चहा येईपर्यंत सोडला नाही. उठताना मला हळूच म्हणाल्या, "मळमळतंय गं जरा."

गंमत अशी, की काका स्वतः त्या सीटवर कधी बसले नाहीत. पाहुणे असले की शेजारी हात बांधून उभे. एरवी पुढ्यातल्या स्टुलावर, सीटकडे पाठ करून. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "बसायला म्हणूनच आणली की. आयुष्यभर आरशात बघितली. पण टेकायला गेलो की वाटतं, आता कुणीतरी हाक मारणार. गुडघेच वाकत नाहीत."

काकू उरणच्या, तोंडाने फटकळ. त्याही जमिनीवर बसून कोलंबी सोलायच्या. "पयले ते बसतीन, मंग मी," हा त्यांचा हट्ट. "सवत हाय माजी ती. दिसातून दोनदा पुसतान तिला. माज्याकरं बगतान का?"

पुढे काकांच्या कमरेने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पाठ टेकून बसत जा, नाहीतर अंथरूण धराल. घरात पाठ टेकायला जागा एकच, तीही स्प्रिंगची, पण काका स्टूल सोडीनात. काकू आठवडाभर गप्प होत्या. मला त्याचीच भीती वाटली.

एका दुपारी वाटीभर लोणचं घेऊन गेले तर दार उघडं, दिवा लागलेला, आणि काकू नथ घालून सीटच्या ऐन मधोमध. काका गोंधळून उभे.

"बगता काय? गारी काढा."

"कुठं?"

"उरनला. माज्या म्हायेरी."

काकांचा चेहराच बदलला. स्टुलावर ताठ बसले, हात पुढे धरले आणि निघाले. बेलापूर गेलं. मागून काकू, "हलू हाका, नथ हालते." मी लोणच्यासकट दारातच. उरणच्या अलीकडे जासई आलं असावं, तिथे काकू म्हणाल्या, "थांबवा." काकांनी पाय दाबला.

"आता मागं येऊन बसा."

"अगं, पण..."

"मालकीन कोन हाय?"

मागच्या सीटवरून आलेला हुकूम काकांनी जन्मात मोडला नव्हता. उठले, आले, काकूंनी सरकून दिलेल्या जागेत बसले. स्प्रिंगने आपोआप जागा दिली. पाठ टेकली आणि म्हणाले, "खरंच मऊ आहे गं." मी दार अलगद ओढून घेतलं. आत दिवा विझला असणार.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं तिथेच दिसायची. पुढे काका गेले. काही महिन्यांनी मी काकूंकडे गेले आणि सवयीने त्यांच्या शेजारी टेकायला लागले, तर त्यांनी ती जागा हाताने झाकली.

"तिकरं नको गो ताई, तिकरं ते बसतान. आमी अजून जासईलाच हाव."

मी स्टूल ओढून घेतलं.