बाबांच्या स्लाइडमधली माणसं

जुना डबा उघडला की काम राहतं बाजूला आणि किस्सेच जमत जातात. आमचंही तसंच झालं. बाबा शेतकी खात्यातून रिटायर झालेले. पिकांवरच्या किडींचे फोटो काढून गावोगाव पडद्यावर दाखवायचे. त्या स्लाइड्स मी हल्ली राजापेठेतल्या घरी डिजिटल कॅमेऱ्यानं कॉपी करतोय.

दर रविवारी अकोल्याहून माझा कॉलेजचा मित्र सिद्धार्थ येतो. तो तान्हा असतानाच त्याची आई गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. पण बाळापूरजवळच्या वावरात शेतकी साहेबांनी तिचा फोटो काढला होता, असं त्याची मोठी बहीण सांगते. ते साहेब म्हणजे आमचे बाबा! तो फोटो सापडेल म्हणून सिद्धार्थ येतो.

*

पद्धत साधी. खाली टॅबलेटचा पांढरा उजेड, त्याच्या जरा वर स्लाइड, आणि ट्रायपॉडवर खाली तोंड केलेला कॅमेरा. थोडंही हललं की फोटो बिघडतो, म्हणून पंखा बंद. अमरावतीत, मे महिन्यात!

बाबा बनियनवर बसून घाम पुसत म्हणाले, "फोटो काढून राहिला का आमचे पापड वाळवून राहिला?"

*

बाबांना प्रत्येक स्लाइड आठवते. एकीत वरूडच्या बागेत, संत्र्याच्या झाडाशी फेटेवाला माणूस उभा होता.

"बाबा, हा कोण?"

"मावा."

"अहो, कीड नाही, माणूस विचारतोय!"

"माणूस? त्याले काय रोग झाला होता का, त्याचा फोटो काढाले?"

सिद्धार्थ खूप हसला आणि मग पुढच्या दोन-चार स्लाइड उजेडासमोर धरून त्यांत माणसं शोधू लागला.

*

एकदा मी हुशारी केली. कपाशीच्या पानावर धुळीचे पांढरे ठिपके होते. कॉम्प्युटरवर एकेक पुसला, पान लख्ख केलं आणि बाबांना दाखवलं.

"हे काय केलं बे?" बाबा ओरडले. "पांढरी माशी होती ते! तिच्यासाठी मी भर उन्हात बसलो होतो!"

*

गेल्या रविवारी सिद्धार्थ त्याच्या ताईंनाही घेऊन आला. त्या दिवशी कपाशीचं एक किडकं बोंड निघालं. ते धरलेला बाईचा हात, मनगटावर गोंदण, कडेला लुगड्याचा हिरवा काठ.

ताई पुढे सरकल्या. "गोंदण मायसारखंच हाय. पण तिचं डाव्या हातावर होतं. हा त उजवा."

सिद्धार्थनं चष्मा काढून ठेवला.

मी स्लाइड उचलून पाहिली. चकचकीत बाजू खाली! उलटी ठेवली होती, म्हणून डाव्याचं उजवं झालं होतं. पलटवली, पुन्हा क्लिक केलं.

"माय," ताई म्हणाल्या.

सिद्धार्थनं फोटोतल्या त्या हातावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाला, "काका, चेहऱ्याचा एखादा असेल?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "मी सगळ्याइलेच म्हणत होतो, 'बाई, डोकं मांगं घ्या. बोंडावर सावली पडून राहिली.'"

"असू द्या साहेब," ताई म्हणाल्या. "फोटो काढनार म्हणून माय त्या दिवशी लग्नातलं लुगडं नेसून वावरात गेली होती."