मागचं उजवं चाक
गल्लीत त्यांना सगळे खिळेकाका म्हणत. छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, वेचून जुळवण्यात घालवलं होतं. यंत्रांच्या धडधडाटात कान गेले, बोटं तेवढी तल्लख राहिली. निवृत्तीनंतर त्या बोटांना काही काम उरलं नव्हतं.

त्यांची गाडी बावीस वर्षांची. ती काकू चालवायच्या. ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा नियम काकूंनीच घातला होता.

"अहो, मागून घूं घूं असा आवाज येतोय. वेग वाढवला की वाढतो," एके दिवशी काकू म्हणाल्या.

"मला तर काही येत नाही ऐकू."

"तुम्हाला दाराची घंटा तरी कुठे येते!"

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि मागच्या एका चाकाचं बेअरिंग गेल्याचं सांगितलं. पण त्याच्याकडे आधीच रांग होती, आठवडाभर थांबावं लागणार होतं. काका थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी बेअरिंग आणि ग्रीसचा डबा विकत आणला.

रविवारी सकाळी त्यांनी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवली आणि हँडब्रेक सोडला.

"डावं चाक," काकूंनी निकाल दिला.

काकांनी डावं चाक फिरवलं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. काहीच नाही. मग उजवं फिरवलं. हात तसाच ठेवून ते थोडा वेळ बसून राहिले.

"उजवं आहे."

"माझे कान शाबूत आहेत अजून."

"असतील ना. पण पत्र्यातून आवाज कुठून कुठे जातो. तू हात लावून बघ."

काकूंनी पदर खोचला, खाली वाकून हात लावला. बारीक वाळू दळावी तशी खरखर बोटांना लागली. त्यांनी हात काढून घेतला. "बरं. उजवं," त्या म्हणाल्या, आणि पुढे दिवसभर त्यांनी काकांच्या कामात नाक खुपसलं नाही.

चाक आणि नट निघाले, ब्रेकचा ड्रमही निघाला. बेअरिंगची बाहेरची कडी मात्र ड्रमच्या आत घट्ट बसली होती. तासभर ठोकाठोक चालली, काका घामाघूम झाले, कडी काही हलेना. वरच्या मजल्यावरचा शिंपी गॅलरीतून ओरडला, "काका, नका जिवाचे हाल करू. गॅरेजला टाका."

"काय म्हणतोय तो?" काकांनी विचारलं.

"छान चाललंय म्हणतोय," काकू म्हणाल्या.

काकांना हुरूप आला. एकाच जागी ठोकायचं सोडून त्यांनी एक टोला इकडे, एक टोला तिकडे असं सुरू केलं. दहाव्या-बाराव्या टोल्याला कडी सुटून फरशीवर पडली. नवी कडी काकूंनी सकाळपासून फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवली होती. गारठून ती किंचित आकसली होती, त्यामुळे फार त्रास न देता जागेवर बसली. काकांनी बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस दाबून भरलं. नट आवळून परत केसभर सैल केला, त्यात नवी पिन घातली आणि चाक चढवलं.

दुपारी दोघं चक्कर मारायला निघाली. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, गाडीने वेग घेतला. काकू कान देऊन ऐकत होत्या. काकांनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

"का गं? अजून येतोय का आवाज?"

"घूं घूं गेली," काकू त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या. "पण तुम्ही गाडीत बसलात की गुणगुणता, हे मला आज कळलं."

काका ओशाळले. "वाईट वाटतं का ऐकायला?"

"बेसूर आहे अगदी," काकू म्हणाल्या. "पण चालू द्या." आणि घराकडचं वळण सोडून त्यांनी गाडी सरळ पुढे नेली.