सुमनमावशीला टाळून पुढे नेलेला करंडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. यंदाच्या संक्रांतीला आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत माझा सत्कार झाला, आणि तेव्हापासून माझा मलाच संताप येतोय.

‘विधवांना हळदीकुंकू लावणारी चाळीतली पहिली बाई’ म्हणून शाल घातली मला. पहिली? मी?

खरी हिंमत होती ती सुमनमावशीची. ती समोरच्या खोलीतली, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात राबलेली. चाळीच्या सभेत बायकांनी चहा द्यायचा, मत द्यायचं नाही — ही रीत तिने मोडली. एकटीने, पुरुषांच्या शिव्या खाऊन. पुढे तिचा नवरा गेला, आणि जिने आम्हाला मत मिळवून दिलं तिलाच आम्ही हळदीकुंकवाला बोलवेनासे झालो. काय म्हणावं आम्हाला?

बावीस वर्षांपूर्वी, संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं, त्याच्या आधी ती म्हणाली, ‘‘मी येऊन बसतंय. तू फक्त कुंकू लाव. बाकीच्यांका मी बघतंय.’’ मी शब्द दिला — आपखुशीने.

ती आली. हिरवी साडी नेसून, बायकांत ताठ बसली. मी करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत तिच्यापर्यंत पोचले. तिने मान जराशी पुढे केली, डोळे मिटले —

आणि मी तिच्या शेजारणीला कुंकू लावलं.

सासूबाईंनी डोळे वटारले होते का? नाही हो. त्या तिळगूळ वाटत होत्या. मला कुणीही अडवलं नव्हतं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी उठली, पदर सावरून निघून गेली.

आता सगळीकडे असे कार्यक्रम होतात, पेपरात फोटो येतात. तेव्हा कुठे मी शूर झाले! यंदा स्टेजवर पाच विधवांना बसवलं. मावशीलाही मीच विनवून आणलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, ‘‘ही प्रेरणा कुणाची?’’ मावशी हातभर अंतरावर बसलेली. आणि मी माईकवर म्हटलं, ‘‘माझ्या कैलासवासी सासूबाईंची.’’

टाळ्या पडल्या. मावशीनेही वाजवल्या. मग मी कुंकू घेऊन तिच्यासमोर वाकले, आणि माझा हात थांबला. ती हळूच म्हणाली, ‘‘लाव गो. फोटो काढतत.’’

मी लावलं. फोटो छान आलाय. चाळीच्या फलकावर तो अजून आहे, खाली एकच नाव — माझं. रोज जाता-येता मी ते वाचते, आणि तसंच राहू देते.