आवतनाचा रकाना

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आणि आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. आमच्या घरात ते वळणच नव्हतं. धर्मांतरानंतर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातले देव नदीत सोडले. ताडकळसला मास्तर होते ते. अंगारा, उतारा हे शब्द नुसते काढले तरी त्यांचा पारा चढायचा. मी पुढे विज्ञान शिकलो... त्यामुळे खाली लिहितोय ते माझं मलाच परकं वाटतं.

काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. नामांतराचा प्रश्न अजून लोंबकळत होता. परभणीतल्या एका प्रयोगशाळेत मी तात्पुरत्या नोकरीवर होतो. आसपासच्या झाडपाल्याचे अर्क काढायचे आणि जखमेत पू करणाऱ्या जंतूंवर टाकून बघायचे, हे काम. काचेच्या बशीत जंतूंचा पांढुरका थर वाढतो. अर्कात दम असेल तर त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. अर्क शेकड्यांनी होते आणि बशा मोजक्या. म्हणून आमच्या सरांनी पुण्याच्या एका मित्राकडून कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहून आणला. झालेल्या चाचण्या त्याला दाखवायच्या – झाड कोणतं, मूळ की पान, माती, महिना, निकाल – त्यावरून तो शिकायचा, आणि उरलेल्यांपैकी कोणता अर्क आधी तपासावा याची यादी छापून द्यायचा. आज याला मोठी नावं आहेत. आम्ही त्याला 'पोपट' म्हणायचो, ज्योतिष्याच्या पिंजऱ्यातला असतो तसा.

मुळ्या आणून द्यायची ती पिंगळीची धुरपदाआत्या, दादांची थोरली बहीण. देव तिनंही सोडले होते, पण एक गोष्ट सोडली नव्हती. औषधाचं झाड खणायच्या आदल्या दिवशी त्याला आवतन द्यायचं. घरचे चिमूटभर तांदूळ बुडाशी ठेवायचे आणि 'उद्या न्यायला येते, कामाला चल' असं सांगायचं. दादा चिडायचे. सरांना मात्र गंमत वाटली; त्यांनी पोपटासाठी तसा रकानाच पाडला – आवतन: होय की नाही. आणि पोपटानं नेमका तोच रकाना उचलून धरला. 'होय' असलं की अर्क यादीत वर चढायचा.

"अरे, त्यात काय! तुझ्या आत्या सकाळी लवकर खणतात, ताजं आणतात, एवढंच," सर म्हणाले. मला पटलं. अजूनही पटतं.

तिच्या एका मुळीचं वर्तुळ सगळ्यांत मोठं पडलं. (झाडाचं नाव मुद्दाम देत नाही, लोक उपटत सुटतात.) तीच मुळी पुन्हा आणून तोच निकाल आला तरच अर्कांची ही योजना पुढे चालणार होती. नाहीतर मार्चअखेर माझी नोकरी संपली असती. आणि ऐन त्याच वेळी आत्या पडली, कंबर मोडली, अंथरुणाला खिळली.

"रुळाच्या भरावाखाली, वढ्याच्या अंगाला हाय बघ," तिनं जागा सांगितली. "आज तांदूळ ठिव, उद्या सकाळच्या पारी आण."

मी ठेवले नाहीत. मास्तरांचा पोरगा झाडापुढे तांदूळ ठेवून बोलत बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ जाऊन मुळी खणली. नोंद करताना मात्र, आधीच्या नोंदीशी जुळावं म्हणून, 'होय' टाइप केलं.

पोपटानं ती यादीत तळाला टाकली. झाड तेच, माती तीच, महिना तोच, आवतन 'होय' – आणि तळाला! सरांनी तीनदा चालवून बघितलं. बशीतही काही नाही, थर जसाच्या तसा.

मी पुन्हा पिंगळीला गेलो.

"आवतन दिलतंस का?" आत्यानं विचारलं.

"दिलं की."

"तांदूळ कुणाच्या घरचे नेलतेस?"

मी पडलो मेसचा डबा खाणारा माणूस, तांदूळ आणणार कुठून!

"खोटं बोलायलायस, बाबा," ती म्हणाली. रागावली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. "जाऊ दे. मी सांगते त्याला. उद्या जा तू."

"आत्या, तुला कुशीवर वळता येईना."

"सांगायला पाय कशाला लागतेत?"

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं. सकाळी शेजारचंच रोप खणलं. या वेळी प्रामाणिकपणे 'नाही' टाइप केलं, कारण मी आवतन दिलंच नव्हतं. मधल्या काळात पोपटाला नवीन काही शिकवलेलं नव्हतं.

त्यानं ती मुळी पहिल्या नंबरावर छापली. बशीत वर्तुळ पडलं, पहिल्याएवढंच मोठं. सरांनी ती बशी खिडकीशी धरून वर्तुळ पट्टीनं दोनदा मोजलं.

योजना चालू राहिली, नोकरीही. आत्या त्याच पावसाळ्यात गेली.

बशीचं एक वेळ समजू शकतो – रोप वेगळं, मुळीचा जोर वेगळा. पण पोपट बशी बघत नव्हता. त्याला फक्त रकाने दिसत होते, आणि या दोन ओळींत फरक होता तो एकाच रकान्याचा, तोही उलटा. पुण्याच्या मित्रानं प्रोग्रॅमची फ्लॉपी महिनाभर ठेवून घेतली, त्याला चूक सापडली नाही. सरांनी अहवालात 'संगणकातील त्रुटी' लिहून विषय मिटवला.

खरं काय ते मी सरांना कधीच सांगितलं नाही. धीर झाला नाही. ते गेले ते प्रोग्रॅमच चुकला असं समजून.

आज पहिल्यांदा लिहितोय. मी 'होय' लिहिलं, तेव्हा त्या झाडाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. मी 'नाही' लिहिलं, तेव्हा आत्यानं सांगितलेलं होतं. दोन्ही वेळा चूक माझ्या नोंदीत होती. पोपटाला ते कुठून कळलं, मला माहीत नाही.