मदिनाबी सिस्टरची साडेसातची सुई

विश्रामबागेतल्या त्या छोट्या दवाखान्यात मदिनाबी सिस्टरचा तीस वर्षांत कुणावर विश्वास बसला नव्हता. गोळी दिली की ती पेशंटला तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. नव्या पोरींनी भरलेलं इंजेक्शन उजेडात धरून पुन्हा तपासायची. खडूस म्हणा हवं तर, पण तिच्या वॉर्डात चूक होत नसे.

रमजान होता. त्या संध्याकाळी रोजा सोडून ती वॉर्डात आली. राजमती अक्कांना रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन होतं. साडेसातला तिनं सुई दिली. आठला ताट आलं, ते तसंच परत गेलं. मदिनाबीच्या भुवया चढल्या. घरच्यांनी गुपचूप काहीतरी गोड चारलंय, याची तिला खात्रीच. तिनं उशीखाली चाचपलं, रिकामा डबा हुंगला, अक्कांच्या मुलाला, सम्मेदला, उलटसुलट विचारलं. तेवढ्यात अक्कांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं आणि त्या बेशुद्ध झाल्या. साखर छत्तीसवर आली होती. शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा कुठं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अंकितांनी सगळ्यांना बोलावलं. खापर कुणावर फोडायचं ते ठरलेलंच असणार, मदिनाबीनं ताडलं.

"कुणी केलं ते नकोय. कसं झालं ते सांगा," डॉक्टर म्हणाल्या. मदिनाबीला तेही खरं वाटेना.

"पेशंटनंच सांगायला नको का?" कुणीतरी म्हणालं. पळवाट आयती होती. ती नोकरी वाचवणारी होती, ती घ्यावीशी वाटली म्हणून मदिनाबीला स्वतःचाच राग आला. तीच पुढं झाली.

"जैन लोक दिवस मावळल्यावर पाणी बी घेत न्हाईत. मला ठावं हाय, माझा शेजारच त्यांचा. अक्का सहालाच जेवल्या हुत्या. पर मी रोजा सोडून आलेली, माझ्या डोक्यात दिवस मावळला म्हंजे जेवायची येळ. इचारलंच न्हाई. सुई दिली, पर तिच्यावर पोटात काय गेलंच न्हाई. ताट परत गेलं तवा बी चोरीच शोधत बसले."

सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी तक्त्यावर नवा रकाना आखला: कधी जेवणार, ते विचारूनच सुई.

संध्याकाळी साडेपाचला ती अक्कांना विचारून सुई घेऊन आली. सम्मेद आडवा आला. "आधी दावा. किती भरलंय?"

एरवी तिनं त्याला बाहेर हाकललं असतं. तिनं सिरिंज त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "बघ. रोज असंच इचार. माझ्यावर भरवसा ठिवू नगंस."

सम्मेदनं आकडा दोनदा वाचला, तरी बाजूला झाला नाही. मदिनाबी हात तसाच धरून उभी राहिली.